कंसातलं नाव

आधी चादर.
ह्रानुशच्या लग्नातली, कडेनं निळ्या दोऱ्याची वेलबुट्टी.
ती वार्द्गेसनं दोन जर्दाळूंच्या मध्ये ताणून बांधली
आणि दिवा लावला, नदीकडे तोंड करून.
पलीकडचा काठ दुसऱ्या देशाचा.

अर्ध्या तासात चौकीवरनं शिपाई आला,
पोरसवदा, मानेवर घामोळं.
"मास्तर, इशारा कुणाला करताय?"
"जो येईल त्याला."
शिपायानं वहीत तसंच लिहून घेतलं.

मग दोघंही बघत उभे राहिले.
भुंगेरे आले, चिलटं आली, एक आंधळा टोळ,
आणि बाराच्या सुमाराला तो:
राखी, करंगळीच्या नखाएवढा,
बसताक्षणी पंख छपरासारखे मिटलेले,
ओठांच्या मिशा पुढे अशा काढलेल्या
की दारातून नुसतं नाक बाहेर काढून
कुणी थंडीचा अंदाज घेतंय.

गावात भूमिती शिकवणाऱ्या माणसानं
या नाकाड्यावर तीन हिवाळे घालवले.
पंखांवर भरवसा ठेवू नये, तो सांगायचा,
खवले झडतात, रंग विटतो.
खरी ओळख शेपटाच्या आत,
क्षारात उकळून, भिंगाखाली धरून,
एका आकड्याच्या वळणात.
तेवढ्याशा वळणावर त्यानं जात ठरवली,
तिच्यामागे आपलं नाव लिहिलं, वर्ष लिहिलं,
नकाशावर ठिपका दिला.
अखुरियान, डावा काठ, दिव्यावर.

मी येरेवानच्या संग्रहालयात, तळघरात.
खण माझे, टाचण्या माझ्या, डांबरगोळ्यांचा वास माझा.
माझ्याच टेबलावर व्हिएन्नाहून तो निबंध आला:
कुळ तेच, वंश चुकला.
नव्या वंशात हलवला पतंग, एका परिच्छेदात.
वंश जातो, जात जात नाही,
नियमच आहे आमच्यात:
जातीचं नाव नव्या घरी तसंच नांदतं,
फक्त ज्यानं ठेवलं तो कंसात जातो.

हे सांगायला मी बसनं गावी गेले.
वार्द्गेस काही बोलला नाही, चष्मा पुसत राहिला.
ह्रानुशनं कॉफी ओतली, म्हणाली,
"चाळीस वर्षं कंसातच ठेवलाय मी ह्याला.
एका बाजूला मी, एका बाजूला माझी आई."
तेव्हा हसला.
त्याला सलत होतं ते खालच्या ओळीतलं:
प्रसार, फक्त अर्मेनिया.
"फक्त"वर त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली.
"चादरीवर आला म्हणजे कुठून तरी आलाच ना?
हा दिव्यांचा नकाशा आहे, पोरी.
पतंगाला कुणी विचारलंय?"

तो गेला त्याच्या चौथ्या वर्षी
तिबिलिसीमार्गे एक पुडकं आलं,
कार्सकडून टपाल सरळ येत नाही.
आत काड्यापेटी, कापसावर दोन पतंग,
एकाची मिशी तुटलेली.
नेझाहत नावाच्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं:
गोठ्यात वासरू अडलं होतं, रात्रभर बल्ब चालू होता,
हे भिंतीवर बसले. वासरू ठीक आहे.
तुमच्याकडे यांना काय म्हणतात?

मी शेपूट उकळलं.
तोच आकडा, तेच वळण.

पहिल्या ठिपक्यापासून दुसरा
फार तर सहाशे पावलांवर, मध्ये नदी.
छापखानेवाला म्हणाला, या मापात एकावर एक येतात,
एकच ठेवू.
मी म्हटलं, दोन्ही छाप.
पुस्तक आलं. एकच ठिपका,
जरा जाडा, शाई सांडल्यासारखा.

ह्रानुशनं त्याचं भिंग काढलं,
पान खिडकीशी नेलं, बराच वेळ बघत राहिली.
"दोन आहेत म्हणतेस?"
आहेत, म्हटलं, दिसत नाहीत इतकंच.
"मग कागद मोठा घ्यायचा होता."